शिवणीतली माया: नवोदित डिझायनरच्या शर्टाचा सात महिन्यांचा अनुभव

गेल्या आठवड्यात एका जागतिक ब्रँडचा माझा शर्ट काखेखाली उसवला. दुकानात नेला, तर बदलून देण्याची मुदत संपली आहे आणि दुरुस्ती आम्ही करत नाही, एवढेच उत्तर मिळाले. त्याच सुमारास, सात महिन्यांपूर्वी एका नवोदित स्थानिक डिझायनरकडून घेतलेला सुती शर्ट छातीत घट्ट होऊ लागला होता. तो तिने दोन दिवसांत सैल करून दिला.

दोन्ही शर्ट उलटे करून पाहिले, तेव्हा फरक शिवणीतल्या मायेचा, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेल्या जादा कापडाचा असल्याचे दिसले. ब्रँडच्या शर्टात शिवणीच्या आत जेमतेम 6 मिलिमीटर कापड होते, कारण ओव्हरलॉक मशीन शिवता शिवताच कडेचे जादा कापड कापून टाकते. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक रचून एकदम कापतात. तिथे नगामागे काही मिलिमीटर वाचले, तरी लाखो नगांत मोठी बचत होते. ती बचत त्यांची होते आणि उसवल्यावर नवा शर्ट घेण्याचा भुर्दंड मात्र माझ्यावर पडतो. डिझायनरने अडीच सेंटीमीटर माया ठेवली होती. तिने दोन्ही कुशींच्या शिवणी उसवून प्रत्येक कडेचे एक सेंटीमीटर सोडले आणि घेर चार सेंटीमीटरने वाढला. जुन्या टाक्यांची बारीक छिद्रे अजून दिसतात आणि आत राहिल्यामुळे न विटलेले कापड गडद पट्टीसारखे उठून दिसते. हात खाली असताना मात्र ते झाकले जाते.

हीच माया मला सुरुवातीला खटकली होती. काखेत ती जाड लागायची, आणि दुपटीहून अधिक किंमत मोजून, शिवाय तीन आठवडे उशिरा मिळालेला हा शर्ट घ्यायला नको होता, असे पहिल्या महिन्यात माझे ठाम मत झाले होते. ते मत मी आता मागे घेत आहे. मशीनवर केलेले दुसरे काज लवकरच विसविशीत झाले, ही तक्रार मात्र कायम आहे.

ब्रँडचा शर्ट कोणी शिवला, हे मला कधीच कळणार नाही. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा तिथे कोणत्या ब्रँडचे काम चालत होते, याचा पुरावा ढिगाऱ्यातल्या लेबलांवरून शोधावा लागला होता. माझ्या काजाची तक्रार मात्र मी ते करणाऱ्या व्यक्तीसमोरच मांडली. पुढच्या शर्टाची मापे दिली आहेत. माया तेवढीच राहील आणि काजे हाताने होतील, असे ठरले आहे.