अरमाफ की वाळ्याचं अत्तर?

भाच्याला क्रीड कंपनीचं अव्हेंटस हे परफ्यूम आवडलं, पण १०० मिलीला २५ हजारांच्या वर मोजणं पहिल्या पगारात जमणारं नाही. आता तो अरमाफ कंपनीचं स्वस्तातलं परफ्यूम 'क्लब द नुई इंटेन्स मॅन' घ्यावं की कन्नौजचं वाळ्याचं अत्तर, यात अडकलाय. मी दोन्ही वापरतो.

अरमाफची १०५ मिलीची बाटली तीनेक हजारांत येते. पहिली दहा मिनिटं लिंबाचा झणका बसतो, नकोसा वाटावा इतका. मग वास धुरकट, लाकडी होत जातो आणि तिथे तो अव्हेंटसच्या खूप जवळ पोचतो. अव्हेंटसमधला अननसाचा रसरशीतपणा तेवढा कमी. सदऱ्याला दुसऱ्या दिवशीही वास येतो.

वाळ्याचं अत्तर म्हणजे माठातल्या वाळ्याच्या पाण्याची आठवण. अल्कोहोल नसल्याने ते अंगालगत राहतं, शेजारी बसलेल्यालाच कळतं. एक थेंब पुरतो, म्हणून छोटी कुपीही महिनोन्महिने चालते. मात्र शंभर-दोनशे रुपयांत मिळालं तर ते मुळांपासून काढलेलं नाही, हे धरून चाला. पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो. मनगटावर आणि कानामागेच लावा.

लग्नकार्य, संध्याकाळचा कार्यक्रम, किंवा अव्हेंटसचीच ओढ असेल तर अरमाफ. उन्हाळा, लोकलची गर्दी, एसी ऑफिस असेल तर वाळा. भाच्याला रोज लोकलने जायचंय, त्याने वाळाच घ्यावा.