‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’: दोन गाणी गर्दीची, नऊ एकट्याने ऐकण्याची

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ हा अल्बम 28 ऑक्टोबर 1977 रोजी प्रसिद्ध झाला. त्यातली पहिली दोन गाणी, म्हणजे ‘वी विल रॉक यू’ आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’, क्वीनचे नावही न ऐकलेल्या माणसांना ठाऊक असतात. उरलेली नऊ गाणी मात्र बँडच्या चाहत्यांपलीकडे फारशी कोणी गुणगुणताना आढळत नाही. तेच चार कलावंत, ध्वनिमुद्रणाचे तेच दिवस, आणि तरीही दोन गाण्यांना हजारोंचा आवाज मिळावा व नऊ गाण्यांनी एकट्याच्या कानाशी राहावे, हे कशामुळे घडले असावे, एवढा एकच प्रश्न समोर ठेवून मी हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकला. म्हणून हे परीक्षण सगळ्या गाण्यांना सारखी जागा देणार नाही.

आधीच्या दोन अल्बमांमध्ये, 1975 च्या ‘अ नाइट अॅट द ऑपेरा’मध्ये आणि 1976 च्या ‘अ डे अॅट द रेसेस’मध्ये, क्वीनने आवाजावर आवाज आणि गिटारवर गिटार चढवून असे काही मजले उभे केले होते की ऐकणाऱ्याने आ वासून ऐकावे, यापलीकडे त्याला कामच उरले नव्हते. 1977 पर्यंत वारे फिरले होते. इंग्लंडमध्ये पंक या साध्या, आक्रमक रॉक संगीताचा जोर होता आणि लंडनच्या ज्या वेसेक्स स्टुडिओत क्वीनचे काम चालले होते, तिथेच सेक्स पिस्टल्स या पंक बँडचेही ध्वनिमुद्रण सुरू होते. हा अल्बम साधा आणि रोखठोक झाला याचे श्रेय पुष्कळदा पंकला दिले जाते. मला मात्र त्याच वर्षीच्या मे महिन्यात स्टॅफर्डजवळच्या बिंग्ली हॉलमध्ये घडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. कार्यक्रम संपवून बँड मंचावरून उतरल्यावर श्रोत्यांनी आपण होऊन ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणे म्हणायला सुरुवात केली. हे मूळचे 1945 च्या एका संगीत नाटकातले गाणे पुढे लिव्हरपूलच्या फुटबॉल चाहत्यांनी आपलेसे केले होते. गिटारवादक ब्रायन मे यांनी ते ऐकले आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसाला जागच्या जागी काय काय करता येईल, याचा विचार त्यांच्या डोक्यात घोळू लागला. पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते आणि गाता येते. ‘वी विल रॉक यू’ या तीन गोष्टींपासूनच तयार झाले.

जेमतेम दोन मिनिटांच्या या गाण्यात ड्रम नाहीत, बास गिटार नाही आणि गिटारही शेवटाकडे येते. दोनदा पाय, एकदा टाळी आणि मग एका ठोक्याएवढी मोकळी जागा, एवढाच ठेका आहे. ही मोकळी जागा मला या गाण्याचा प्राण वाटते, कारण गर्दीला एका तालात राहायचे तर मागे पडलेल्याला पुढच्या आवर्तनाआधी सावरून घ्यायला वेळ लागतो आणि तो वेळ इथे ठेक्यातच राखून ठेवला आहे. गती मिनिटाला सुमारे 80 ठोक्यांची, म्हणजे रमतगमत चालणाऱ्याच्या पावलांहूनही संथ आहे. ज्याला ताल म्हणजे काय हे ठाऊक नाही, तोही इथे समेवर चुकत नाही.

ध्वनिमुद्रणाची करामतही सांगण्यासारखी आहे. स्टुडिओत पडलेल्या जुन्या लाकडी फळ्यांवर मोजक्याच माणसांनी पाय आपटले आणि ते अनेकदा मुद्रित करून एकावर एक चढवले गेले. मे हे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी होते. खगोलभौतिकीतली डॉक्टरेट त्यांनी पुढे 2007 मध्ये पूर्ण केली. दिवाणखाना किंवा देऊळ घुमावे तसा घुमारा त्यांनी या आवाजाला दिला नाही. त्याऐवजी प्रत्येक ठोक्याच्या प्रती अगदी थोड्या थोड्या उशिराने वाजतील अशी योजना केली आणि ते उशीर मूळ संख्यांच्या (एक आणि स्वतःशिवाय कशानेही भाग न जाणाऱ्या संख्यांच्या) प्रमाणात ठेवले, म्हणजे एका प्रतीचा उशीर दुसरीच्या पटीत बसत नाही आणि कानाला प्रतिध्वनी जाणवत नाही. वेगवेगळ्या अंतरांवर उभी असलेली माणसे टाळ्या वाजवत असावीत, असे वाटते. हेडफोनवर ऐकताना आपण मंचासमोर नसून गर्दीच्या मधोमध उभे आहोत असा भास होतो. गाणे सुरू होण्याआधीच आपण त्या जमावाचे झालेलो असतो, आणि जमावात उभ्या असलेल्या माणसाला गप्प राहणे जरा अवघडच जाते.

चालीचेही तसेच आहे. ध्रुवपद चार स्वरांत मावते, पायऱ्या उतरावेत तसे ते खाली येते आणि षड्जावर टेकते. ज्याचा आवाज दीड सप्तकही फिरत नाही त्याचाही त्यात सहज निभाव लागतो. अंतऱ्यांत एक मुलगा, एक तरुण आणि एक म्हातारा अशा तिघांना उद्देशून बोललेले आहे, पण हे तिघे कोण ते गाणाऱ्या शंभरांतल्या नव्वदांना सांगता येणार नाही, कारण अंतऱ्यांमध्ये शब्दांची दाटी आहे. ती दाटी गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी एकट्याने सांभाळायची आणि ध्रुवपद आले की सगळ्यांनी तुटून पडायचे, अशी कामाची वाटणी इथे केलेली आहे.

याची उलट बाजू पाहायची असेल तर बँडचा 1979 चा ‘लाइव्ह किलर्स’ हा मैफिलींचा अल्बम ऐकावा. त्याच्या सुरुवातीला हेच गाणे ड्रम, बास आणि गिटारसह धावत्या गतीत वाजवले आहे. ते जोरकस आहे, अंगात वीज खेळवणारे आहे, पण ऐकताना मला एकदाही त्यात सूर मिसळावासा वाटला नाही, कारण मोकळी जागा वाद्यांनी भरून टाकली आहे. त्याच अल्बमच्या शेवटाकडे मूळ संथ गाणे येते आणि लगेच सभागृह गाऊ लागते.

‘वी आर द चॅम्पियन्स’चे गणित वेगळे आणि माझ्या मते अधिक गुंतागुंतीचे आहे. मर्क्युरी यांनी ते फुटबॉल डोळ्यांसमोर ठेवून लिहिले, असे त्यांनी स्वतःच सांगितले होते. ब्रिटनमध्ये ते सुट्या गाण्यांच्या (सिंगल्सच्या) लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले आणि अमेरिकेत ‘वी विल रॉक यू’च्या जोडीने चौथ्या. हे गाणे गायला मुळीच सोपे नाही. ध्रुवपदात सूर अशा उंचीवर जातो की घरी एकट्याने गाणाऱ्याचा घसा बसतो. मग ते लोकप्रिय कसे? एक तर त्याची चाल सहा मात्रांच्या झोक्याची आहे, दादऱ्यासारखी डुलणारी, त्यामुळे शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून डोलता येते. दुसरे म्हणजे उंच जागी स्वर लांबवलेले आहेत, आणि लांबवलेल्या स्वरावर शंभर माणसे थोडी वर, थोडी खाली असली तरी सगळ्यांचा मिळून एक घसघशीत सूर तयार होतो. बेसूरपणाला इतके उदार आश्रय देणारी चाल क्वचितच सापडते.

सर्वनामांकडेही लक्ष द्यावे. अंतरा ‘मी’चा आहे: सोसलेले हाल, झालेल्या चुका, खाल्लेले टोले. त्यात गाणे किरट्या आणि काहीशा उदास स्वरात चालते. ध्रुवपद येते तेव्हा स्वरसमूह उजळतो आणि ‘मी’चा ‘आम्ही’ होतो. शब्दांतला अहंकार पुष्कळांना खटकतो आणि कागदावर वाचला तर मलाही खटकतो, परंतु गाताना त्याची बोच जाणवत नाही, कारण तो अहंकार तोवर वाटला गेलेला असतो.

अलिसन पॉली आणि डॅनियल म्यूलेनसीफेन या संशोधकांनी उत्तर इंग्लंडमधल्या करमणुकीच्या ठिकाणी लोक कोणत्या गाण्यांना सूर देतात याची प्रत्यक्ष पाहणी केली आणि ती 2012 मध्ये प्रसिद्ध केली. वरच्या पट्टीतला, छातीतून ताण देऊन काढलेला पुरुषी आवाज, कमी हरकती आणि स्पष्ट व्यंजने असलेल्या गाण्यांना लोक अधिक साथ देतात, असे त्यांना आढळले; त्यांच्या यादीत ‘वी आर द चॅम्पियन्स’ अग्रस्थानी होते. गायक कष्ट घेताना ऐकू आला की आपलाही घसा ताणला जातो, हे मला पटते.

या ध्वनिमुद्रणातली एक गंमत मात्र मला अलीकडेच कळली. बहुतेकांना आठवते त्याप्रमाणे शेवटी शीर्षकाच्या ओळीनंतर ‘जगाचे’ अशा अर्थाचे दोन-तीन शब्द येऊन गाणे थांबते. मैफिलींत ते तसेच थांबत असे. 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर झालेल्या, दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठीच्या ‘लाइव्ह एड’ या मैफिलीतही तसेच थांबले. पण मूळ ध्वनिमुद्रणात ते शब्द शेवटी नाहीतच. ओळ अर्धवट, अधांतरी सुटते. सात-आठ मित्रांना मी हे आधी न सांगता तबकडी ऐकवली, तेव्हा झाडून सगळ्यांनी ते नसलेले शब्द रिकाम्या शांततेत मोठ्याने म्हटले आणि मग एकमेकांकडे पाहिले. लगेच ‘शीअर हार्ट अटॅक’ची बेभान गिटार सुरू झाली.

आता उरलेल्या नऊ गाण्यांविषयी, अर्थात धावतेच. बासवादक जॉन डीकन यांचे ‘स्प्रेड युअर विंग्ज’ चालीच्या दृष्टीने गर्दीला सहज पेलले असते, पण त्यात सॅमी नावाच्या एका पात्राची गोष्ट आहे आणि मागे साथीचे आवाज अजिबात नाहीत. दुसऱ्याची गोष्ट माणूस ऐकून घेतो, तिच्यात आवाज घालत नाही. मे यांचे ‘इट्स लेट’ साडेसहा मिनिटांच्या घरात जाणारे, तीन अंकी नाटकासारखे रचलेले गाणे आहे आणि अख्ख्या अल्बममध्ये मला तेच सर्वांत आवडते. ‘ऑल डेड, ऑल डेड’ हळवे आहे, ‘स्लीपिंग ऑन द साइडवॉक’ सहज जमून आलेले ब्लूज आहे. ड्रमवादक रॉजर टेलर यांचे ‘फाइट फ्रॉम द इनसाइड’ मला कंटाळवाणे वाटले, तर ‘गेट डाउन, मेक लव्ह’मधला मधला गोंगाट त्या काळी धाडसी असला तरी आज लांबल्यासारखा वाटतो. एकंदर अल्बम विस्कळीत आहे, हा जुना आक्षेप मला मान्य आहे.

मुखपृष्ठ फ्रँक केली फ्रीस यांचे आहे. 1953 च्या एका विज्ञानकथा मासिकासाठी काढलेले यंत्रमानवाचे चित्र त्यांनी बँडसाठी नव्याने रंगवले. तबकडीच्या आकारात ते पाहण्याची मजा फोनच्या पडद्यावर येत नाही. ऐकण्याच्या बाबतीतही तेच आहे: फोनच्या लहानशा स्पीकरवर पायांचा ठोका पत्र्यावरच्या टकटकीसारखा ऐकू येतो आणि मे यांची सगळी मेहनत वाया जाते. गाण्यांचा क्रम उलटसुलट करून ऐकू नये, कारण पहिल्या गाण्याची गिटार जिथे तुटते तिथेच दुसऱ्याचा पियानो येणे हा रचनेचा भाग आहे. फक्त ही दोनच गाणी हवी असतील, तर संकलित अल्बम पुरेसा आहे.

पूर्ण अल्बम घ्यावा तो शेवटच्या ‘माय मेलँकली ब्लूज’साठी. पियानो, बास आणि हलक्या हाताने वाजवलेले ड्रम, एवढीच साथ. गिटार नाही, मागे आवाज नाहीत. पहिल्या बाजूला घसा फोडून गाणारे माझे ते मित्र इथे एकही सूर न लावता बसून राहिले आणि तबकडी थांबल्यावर त्यांच्यापैकी एकाने हे गाणे म्हणणारा गायक कोण, असे विचारले.