प्लास्टिकची कवटी: आठ महिने वापरल्यावर

बीडीएसला (दंतवैद्यकीच्या पदवीला) प्रवेश मिळाला, पण खऱ्या हाडांचा बोन सेट काही मिळेना. म्हणून प्लास्टिकची कवटी घेतली. मूळ मापाची, डोक्याची टोपी निघणारी, खालचा जबडा दोन स्प्रिंगांवर. आठ महिने ती जवळजवळ रोज हातात आहे.

डोळ्यांची खोबण, दात, गालाचं हाड, सगळं ठीक. माझं घोडं अडलं ते इन्फ्राटेम्पोरल फोसापाशी, म्हणजे गालाच्या हाडामागच्या, जबड्याच्या आतल्या खोलगट जागेपाशी. जबडा जागेवर असला की रेमस (जबड्याचा मागचा उभा भाग) आड येतो आणि आतलं काहीच दिसत नाही. पंधरा दिवस मी या जागेच्या सीमा नुसत्या घोकत होते. मग एका रात्री स्प्रिंगा काढल्या, कवटी मांडीवर उलटी घेतली आणि झायगोमॅटिक आर्चच्या (गालाच्या हाडापासून कानाकडे जाणाऱ्या कमानीच्या) खालून बोट आत सरकवलं. पुढे मॅक्झिलाची (वरच्या जबड्याची) मागची भिंत, आतल्या अंगाला लॅटरल टेरिगॉइड प्लेट ही हाडाची पातळ पट्टी, छताला कवटीच्या तळाचं स्फेनॉइड हाड. त्या दिवसापासून घोकावं लागलेलं नाही.

छतातल्या फोरामेन ओव्हेल या भोकातून मॅन्डिब्युलर नर्व्हसाठी (खालच्या जबड्याच्या नसेसाठी) पिवळा दोरा सोडला. शेजारचं फोरामेन स्पायनोसम मात्र साच्यातच बुजलेलं होतं! दाभण तापवून ते उघडलं आणि मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणाऱ्या मिडल मेनिन्जियल धमनीचा लाल दोरा ओवला. ऑरिक्युलोटेम्पोरल नर्व्हच्या (कानाजवळच्या नसेच्या) दोन मुळ्या या धमनीला दोन्ही बाजूंनी कवेत घेऊन मागे जातात, हे वाक्य दोरे गुंफताना पहिल्यांदा पटलं.

खरी तक्रार स्प्रिंगांची. त्यांच्यामुळे जबडा दाराच्या बिजागरीसारखा नुसता फिरतो. कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड सावकाश उघडून बघा: आधी कॉन्डाइल (जबड्याचं सांध्यातलं गोल टोक) जागच्या जागी फिरतो, मग डिस्कसकट (सांध्यातल्या चकतीसकट) पुढे घसरतो आणि बोटाखाली खळगा पडतो. पुढे ओढणारा स्नायू लॅटरल टेरिगॉइड. मोठी जांभई देताना कॉन्डाइल आर्टिक्युलर एमिनन्सच्या (सांध्यापुढच्या हाडाच्या उंचवट्याच्या) पुढे जाऊन अडकला की तोंड मिटत नाही. स्प्रिंगवाल्या कवटीवर हे समजणं अशक्य, कारण तिथे घसरणंच नाही आणि डिस्कही नाही. मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून मध्ये ठेवते. खरी डिस्क मध्ये पातळ आणि कडांना जाड असते, ट्यूब तशी नाही, पण जबडा हाताने पुढे सरकवून दाखवता येतो.

जबड्याच्या आतल्या बाजूचं लिंग्युला (हाडाचं छोटं टोक) आणि मॅन्डिब्युलर फोरामेन (नस जबड्यात शिरते ते भोक) मात्र सुरेख उतरलंय. खालच्या दाढा बधिर करायला इंजेक्शन याच जागेच्या रोखाने देतात, त्यामुळे पुढच्या वर्षांतही हा जबडा लागणारच.

घ्यायची असेल तर दुकानात सुई घेऊन जा. फोरामेन ओव्हेल आणि स्पायनोसममधून ती आरपार जाते का ते बघा, मगच पैसे द्या.