बिहेवियर चेंजमधली एमएससी करावी का? सोलापूरकडच्या एका डेंटिस्टचा अनुभव

ब्रिटनमध्ये बिहेवियर चेंज (माणसांचं वागणं कसं बदलतं याचं शास्त्र) किंवा हेल्थ सायकॉलॉजीची (आरोग्य मानसशास्त्राची) एमएससी करायचा विचार असेल, तर माझं मत आधीच सांगून टाकते. कामाचा अनुभव गाठीशी असेल आणि एखादा खराखुरा प्रश्न डोक्यात घोळत असेल, तर जरूर जा. पदवी झाली आणि पुढे काय ते सुचत नाही म्हणून जाणार असाल, तर थांबा. तेवढ्या पैशांत आणि वेळात इथे बरंच काही होईल.

मी बीडीएस. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दवाखान्यात बसत होते. येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी मशेरी लावणाऱ्या. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, बारीक पूड करायची, डबीत भरून ठेवायची आणि बोटाने दातांना-हिरड्यांना चोळायची. सुरुवात सकाळी दात घासायला म्हणून होते. मग जेवणानंतर, दुपारी, रात्री झोपताना. भाजताना घरभर असा ठसका उठतो की शेजाऱ्यांनाही कळतं आज यांच्याकडे मशेरी भाजली. माझ्यासमोर यायच्या त्या सुटलेल्या हिरड्या, हलणारे दात आणि गालाच्या आतले पांढरे चट्टे. भिंतीवर तोंडाच्या कर्करोगाचे फोटो होते. त्या फोटोंकडे बघून ‘व्हय की, लई वंगाळ हाय’ म्हणायच्या आणि पुढच्या खेपेला बोटाचं टोक तसंच काळं.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, विकतच्या पुड्यांवर चित्रं छापलेली असतात. घरी भाजलेल्या मशेरीला ना पुडी, ना चित्र. माहिती असूनही माणूस तेच का करत राहतो, हा माझा प्रश्न होता आणि दंतवैद्यकाच्या पुस्तकांत त्याला अर्ध्या पानाच्या वर जागा नव्हती.

माझ्या विद्यापीठाचं नाव देत नाही, कारण वर्ग लहान होता आणि बरोबरच्यांची ओळख उघड व्हायला नको. पुढे लिहिलंय ते तिकडच्या बहुतेक अशा अभ्यासक्रमांना लागू पडेल. पूर्णवेळ केलं तर एक वर्ष, एकूण १८० क्रेडिट, त्यातले साधारण ६० डिझर्टेशनचे, म्हणजे स्वतःच्या संशोधनावरच्या प्रबंधाचे. एका क्रेडिटमागे दहा तासांचं काम धरतात, म्हणजे १८०० तास. त्यात लेक्चरं फार थोडी. बाकी सगळं वाचन, लेखन आणि गटातली चर्चा. नोट्स मिळतील, त्या पाठ करू, असं तिथे चालत नाही.

पहिलं सत्र सिद्धांतांचं. या क्षेत्रात सिद्धांत किती आहेत याची मोजदाद झाली तेव्हा वर्तन आणि वर्तनबदलाचे ८३ सिद्धांत निघाले, यावरून कल्पना यावी. सगळे शिकवत नाहीत, पण बांडुरा, आयझेन, प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे ही मंडळी रोजच्या बोलण्यात येतात. मला सगळ्यात आवडलं ते या सिद्धांतांच्या जन्माच्या गोष्टी ऐकणं. हेल्थ बिलीफ मॉडेलचंच घ्या, म्हणजे आजाराचा धोका आणि उपायाचा फायदा माणसाला किती वाटतो, यावरून त्याचं वागणं समजावणारं मॉडेल. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने क्षयरोगाच्या तपासणीसाठी छातीचे एक्स-रे फुकट काढायची सोय केली. गाड्या लोकांच्या वस्तीपर्यंत नेल्या. तरी लोक येईनात. का येत नाहीत हे शोधायला मानसशास्त्रज्ञ बसले आणि त्यातून हे मॉडेल उभं राहिलं. ज्या कुणी आरोग्य शिबिराच्या मांडवात रिकाम्या खुर्च्यांकडे बघत दुपार काढली आहे, त्याला हा तास ऐकताना अंगावर काटा येईल.

दुसरी कायम लक्षात राहिलेली गोष्ट वेब आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या अभ्यासाची. त्यांनी ४७ प्रयोग एकत्र तपासले. लोकांच्या हेतूत मध्यम ते मोठा बदल घडवला, तरी प्रत्यक्ष वागण्यातला बदल लहान ते मध्यम एवढाच होता. ‘सोडायचंय हो डॉक्टर’ असं मनापासून म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. ठरवणं आणि करणं यांच्यामधलं अंतर सगळ्या माणसांत आहे, मोजलेलं आहे, आणि ते कमी करायचे काही उपायही तपासलेले आहेत. उदाहरणार्थ गोलविट्झर यांचं ‘असं झालं तर मी तसं करीन’ पद्धतीचं नियोजन: नेमका प्रसंग आणि नेमकी कृती आधीच जोडून ठेवायची. सवय २१ दिवसांत लागते, या सगळीकडे फिरणाऱ्या समजुतीचाही इथे निकाल लागतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता.

पण पैसे वसूल झाले ते एका सेमिनारमध्ये. सुझन मिकी, मार्टजे व्हॅन स्ट्रालेन आणि रॉबर्ट वेस्ट यांनी २०११ मध्ये मांडलेलं कॉम-बी मॉडेल चालू होतं. वर्तन घडायला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि प्रेरणा. वाचायला हे अगदी साधं वाटतं. आमच्या ट्यूटरने फळ्यावर ‘तंबाखू सोडणे’ लिहिलं आणि विचारलं, हे वर्तन आहे का? कोण, काय, कुठे, कधी, कितीदा, कोणाबरोबर, हे यात दिसतं का? मग माझ्याकडे वळून म्हणाली, मशेरीचं सांग. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. बाजारातून तंबाखू आणणं. तव्यावर भाजणं. डबीत भरणं. डबी कुठे ठेवणं. सकाळी लावणं. दुपारी जावा-शेजारणींबरोबर बसून लावणं. शेजारणीला चिमूटभर देणं. फळा भरला. मग तिने विचारलं, भाजतं कोण?

भाजते सासू. बहुतेक घरांत तरी. तंबाखू आणतो नवरा किंवा मुलगा. आणि दवाखान्यात माझ्यासमोर बसून सल्ला ऐकते ती सून. म्हणजे सात कृतींपैकी जेमतेम तीन-चार जिच्या हातात आहेत, तिच्या एकटीच्या गळ्यात ‘सोड’ ही जबाबदारी पडते. ही एवढी उकल करायला वीस मिनिटं लागली असतील. कुठल्याही पोस्टरने ती केली नसती.

वर्तन बदलायच्या तंत्रांची यादी हा या शिक्षणाचा दुसरा कणा. २०१३ मध्ये ९३ तंत्रांची, १६ गटांत लावलेली वर्गवारी प्रसिद्ध झाली. प्रत्येकाला क्रमांक आणि नेमकी व्याख्या. ‘समुपदेशन केलं’ असं अहवालात लिहितात, तेव्हा त्या बंद दाराआड काय झालं ते कळत नाही. परिणामांची माहिती दिली की कृतीचं नियोजन करून घेतलं? स्वतःची नोंद ठेवायला सांगितली की एका वर्तनाच्या जागी दुसरं आणलं? या व्याख्या हाताशी आल्या की इतरांचे कार्यक्रमही नीट वाचता येतात. पाठांतराचा कंटाळा येतो, हे खरं. अहवाल वाचून तंत्रं ओळखायच्या सरावात दोघांची उत्तरं जुळत नाहीत, त्यावर वाद होतात, आणि त्या वादातच शिकणं होतं.

या क्षेत्राची प्रामाणिक बाजू शिकवली, याचं मला फार मोल वाटतं. फॉर्मच्या तळाऐवजी वर सही घेतली तर लोक खरी माहिती देतात, असं सांगणारा २०१२ चा गाजलेला शोधनिबंध २०२१ मध्ये मागे घेतला गेला. ‘नज’ म्हणजे हलक्या धक्क्याने लोकांच्या निवडी बदलण्याच्या उपायांचा मोठा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्येच दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की, अपयशी प्रयोग छापले जात नाहीत ही गोष्ट हिशेबात धरली तर परिणामाचा पुरावा उरत नाही. हे वर्गात उघडपणे मांडलं गेलं, त्यावर निबंध लिहायला लावले. संख्याशास्त्राचा धसका घेऊ नका. ते आल्याशिवाय हे वाद कळणारच नाहीत.

उणीव मोठी आहे आणि ती संपूर्ण क्षेत्राची आहे. उदाहरणं जवळजवळ सगळी तिकडची. सिगारेट, साखरेच्या पेयांवरचा २०१८ चा कर, सरकारी धूम्रपानमुक्ती केंद्रं. ज्यांच्यावर सिद्धांत तपासले गेले ते बहुतांश पाश्चात्त्य देशांतले, शिकलेले लोक. २०१० मध्ये हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी याकडे जोरदार लक्ष वेधलं, पण फरक हळूहळूच पडतोय. आयझेनच्या सिद्धांतात ‘माझ्या जवळच्यांना काय वाटतं’ हा एक घटक आहे. आमच्याकडे जवळच्यांना नुसतं वाटत नाही, तेच डबी भरून ठेवतात. एकत्र कुटुंबात निर्णय कोणाचा, हे तिथल्या प्रश्नावलीच्या चौकटीत बसत नाही. ब्रिटनमध्येही दक्षिण आशियाई वस्त्यांत धूरविरहित तंबाखू आहे, नाइस या आरोग्यविषयक सूचना काढणाऱ्या तिकडच्या संस्थेने २०१२ मध्ये त्यावर खास मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. वर्गात मात्र हा विषय कोणी स्वतःहून काढत नाही. तुम्हीच काढायचा. काढलात की सगळे कान देऊन ऐकतात.

डिझर्टेशनला मी मशेरीच घेतली. तालुक्यातल्या बायकांच्या मुलाखती, व्हिडिओ कॉलवर, ओळखीच्या आशाताईंच्या मदतीने. अशा संशोधनाआधी विद्यापीठाच्या समितीकडून घ्यायच्या नैतिक मान्यतेची प्रक्रिया किचकट, पण ती तशीच असायला हवी. संमतीपत्रक मराठीत हवं, लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडी संमती रेकॉर्ड करायची, आवाजाच्या फायली कुठे ठेवणार ते लिहून द्यायचं, सासू खोलीत बसलेली असेल तर काय करणार तेही. हा शेवटचा प्रश्न समितीने विचारला, तेव्हा मला त्या समितीबद्दल खूप आदर वाटला.

मुलाखतींत जवळजवळ प्रत्येकीच्या तोंडी एक वाक्य यायचं: ‘मशेरी लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई.’ दवाखान्यांत या वाक्याकडे गैरसमज म्हणून बघतात. माझ्या मार्गदर्शकांनी मात्र मला धूम्रपान सोडणाऱ्यांवरचं संशोधन वाचायला दिलं. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवतं, आणि ते अचानक बंद केलं की काही जणांना बद्धकोष्ठ होतं, ही नोंदलेली गोष्ट आहे. म्हणजे बायका सांगत होत्या तो त्यांच्या शरीराचा खरा अनुभव होता. मशेरी सोडायचा प्रयत्न करायच्या, दोन-तीन सकाळी पोट अडायचं, घरात चिडचिड, डोकं दुखणं, आणि चौथ्या दिवशी डबी परत हातात. त्यांना आधी कोणी सांगितलंच नव्हतं की असं होईल, हे काही काळापुरतं असतं, आणि तोवर काय करायचं. ही एक गोष्ट सल्ल्यात आली तर किती जणींचा चौथा दिवस निभावेल, या विचाराने मी ते प्रकरण लिहिताना रात्र रात्र जागले आहे.

आता व्यवहाराचं. परदेशी विद्यार्थ्यांची फी लंडनच्या मोठ्या विद्यापीठांत ३०,००० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून वर, म्हणजे नुसत्या फीलाच तीस लाखांच्या पुढे. लंडनबाहेर स्वस्त पर्याय आहेत. राहणं वेगळं, आणि व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी कामाचा किमान दोन वर्षांचा, म्हणजे २८०० तासांचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. आपल्यासारख्यांना हे सोयीचंच आहे. शिक्षणानंतर तिकडे थांबायची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिने होणार आहे, तेव्हा तिथल्या नोकरीवर कर्जाचं गणित बसवू नका.

आणखी एक, यात फार जण फसतात. ही पदवी घेऊन तुम्ही सायकॉलॉजिस्ट होत नाही. ‘हेल्थ सायकॉलॉजिस्ट’ हे ब्रिटनमध्ये कायद्याने राखीव असलेलं बिरुद आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त हेल्थ सायकॉलॉजी एमएससी, पुढचं प्रशिक्षण आणि तिथल्या परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या बिहेवियर चेंजच्या पदवीला आरोग्य खाती, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प आणि सल्लागार कंपन्यांत किंमत आहे. रुग्णांवर मानसोपचार करायचे असतील तर हा रस्ता तुमचा नाही.

जमण्यासारखं नसेल तर निराश होऊ नका. कॉम-बीचा मूळ शोधनिबंध नेटवर कोणालाही मोफत वाचता येतो. ९३ तंत्रांचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत आहे. एखाद्या आशाताईला, शिक्षिकेला, फिजिओथेरपिस्टला एवढ्यावरही आपल्या कामात बराच फरक पाडता येईल. विद्यापीठात जे जादा मिळतं ते म्हणजे तुमचं लिखाण ओळीओळीने तपासणारा माणूस आणि वेगवेगळ्या देशांतले सहाध्यायी. माझ्या गटात केनियाची एक नर्स होती. हात धुण्याबद्दल तिच्याशी झालेल्या चर्चा मला पुस्तकांपेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

परत येऊन मी त्याच तालुक्यात काम करते. दवाखान्यात आता मशेरीसाठी वेगळा कागद आहे, त्यावर पहिला प्रश्न ‘तुमच्या घरी भाजतं कोण?’ असा आहे. सासूबाईंनाही बोलावते. येतात, बहुतेक जणी.

अर्ज करणार असाल तर विद्यापीठाला ईमेल करून एवढं आधीच विचारून घ्या: डिझर्टेशनची माहिती भारतातून गोळा करू देता का, मराठीत मुलाखती घेतल्या तर भाषांतराचा खर्च कोण करतं, आणि नैतिक मान्यतेला साधारण किती आठवडे लागतात. तिन्हींची सरळ उत्तरं आली नाहीत, तर दुसरं विद्यापीठ बघा.