सेकंडहॅन्ड गोटू दुर्बीण: नागपूरच्या गच्चीवर आठ महिने

गेल्या नोव्हेंबरात धरमपेठेतल्या एका घरातून मी सहा इंची गोटू दुर्बीण ५८ हजारांना घेतली. गोटू म्हणजे हॅन्ड कंट्रोलरवर शनी निवडला की मोटारी नळीला आपोआप शनीकडे नेतात. श्मिट-कॅसेग्रेन जातीची, आखूड जाड नळी, पुढे काच, मागे आरसा, फोकल लेंग्थ १५०० मिमी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सांगायचंय ते या जातीच्या कुठल्याही दुर्बिणीला लागू पडेल.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फक्त चार वेळा वापरलेली’. स्कूटर घेताना हे वाचून बरं वाटतं. इथे मी जरा सावध झाले. २०२० साली घेतलेली वस्तू चारदाच वापरली, म्हणजे नागपूरचे पाच पावसाळे ती खोक्यात, फोममध्ये दाबून बसली होती. खोकं उघडलं तर डांबराच्या गोळ्यांचा भपकारा आला. विकणाऱ्या घरातल्या काकूंनी लोकरीच्या कपड्यांसारखीच काळजी घेतलेली.

पुढच्या काचेवर मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. सरळ मारला तर काही दिसत नाही, आणि तिरपा मारला की नवी काचसुद्धा भयंकर दिसते, म्हणून धुळीचे ठिपके सोडून द्यायचे. शोधायची ती बुरशी. कडेला साडेचारच्या काट्यापाशी कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन बारीक तंतू होते, तांदळाच्या दाण्याएवढे. मधला भाग आणि आतला आरसा स्वच्छ. फोटो काढून ठेवला. काच उघडून पुसायचा विचार मात्र करू नका. ती आरशाशी ठरावीक कोनात बसवलेली असते, फिरली की प्रतिमा बिघडते.

भाव तिथेच, चहा घेता घेता कागदावर मांडला. काकांनी ८० सांगितले होते. माझी पद्धत अशी की काच आणि मोटार यांचे भाव वेगवेगळे लावायचे. काच-आरसा नीट ठेवले तर वीस वर्षांनीही तेच दाखवतात. मोटारी, सर्किट बोर्ड, वायरी यांचं वय मात्र मोबाइलसारखं मोजायचं. त्या आठवड्यात मला नव्या सेटचा भाव १ लाख ३० हजार मिळाला होता. (पाच वर्षांपूर्वीचं बिल बघून सौदा करू नका, आजचा भाव धरा. त्यात विकणाऱ्याचंही नुकसान होत नाही.) त्यातले अंदाजे निम्मे नळीचे. नळी चांगली, म्हणून ६५ हजारांचे ४०. उरलेले ६५ स्टँड, मोटारी आणि कंट्रोलरचे. वॉरंटी संपलेली, बोर्ड जुना, म्हणून त्याचे २३ च धरले. झाले ६३. बुरशीचे ५ वजा, अ‍ॅडॉप्टर नाही आणि लाल ठिपक्याचा फाइंडर (नळीवरचं नेम धरायचं साधन) हरवलेला, त्याचे ४. म्हणजे ५४. सोबत दिलेल्या तीन स्वस्त आयपीसची, म्हणजे डोळा लावायच्या भिंगांची, किंमत मी शून्य धरली. काकांना ते पटलं नाही, पण ५४ ला ते तयार झाले, कारण त्यांच्या मते मशीनच बिघडलेलं होतं. “सांगतो एक अन् जाते तिसरीकडंच. म्हणून तं पोट्टा कंटाळला, ताई.”

मी म्हटलं, गच्चीवर लावूनच बघू. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, चंद्र उगवायला अवकाश होता. आधी अंधार पडायची वाट बघत नुसत्या मोटारी तपासल्या. वेगाचे नऊ टप्पे होते. विकणारा नेहमी नऊ नंबरचा वेग दाखवतो, घर्रकन फिरते, छान वाटतं. दोष सापडतात ते दोन-तीन नंबरवर. हळू वेगात चारही बाण दाबून बघा, नळी अडखळते का, मध्येच थांबते का, हात काढल्यावरही सरकत राहते का. बाण उलटा दाबल्यावर हलायला किती वेळ घेते तेही बघा. दात्यांमधली ढील तिथे कळते. एक-दोन सेकंद चालतात. कंट्रोलरची वायर मुळाशी हलवून बघा, पॉवरची पिनही. ही पिन मी हलवली नाही. ते पुढे येईलच.

मग अलाइनमेंट, म्हणजे एक-दोन ओळखीचे तारे दाखवून मशीनला आकाशाची दिशा समजावून देणं. काकांनी सवयीने तारीख-वेळ टाकली. पहिला तारा अभिजित घेतला, पश्चिमेला छान दिसत होता. दुसऱ्यासाठी यादी उघडली तर त्यात चित्रा, स्वाती! कार्तिकात सूर्यच चित्रा-स्वातीच्या आसपास असतो, संध्याकाळी सातला त्या दिसणार कशा? डोक्यावरचा श्रवण यादीत नव्हताच. मी तारखेच्या पानावर परत गेले. ७ नोव्हेंबर आपल्यासारखा ०७/११ असा टाकलेला होता. मशीन अमेरिकन पद्धतीचं, आधी महिना मागणारं. त्याच्या लेखी त्या दिवशी ११ जुलै होता आणि ते जुलैचं आकाश प्रामाणिकपणे शोधत होतं. पाच वर्षं!

तारीख दुरुस्त केली, अभिजित आणि श्रवण घेतले, शनी दाबला. नळी वळली, थांबली, आणि शनी भिंगाच्या कडेला का होईना, आत होता. काकांनी डोळा लावला आणि विचारलं, “याची कडी कुठाय?” कडी होती, पण सुईसारखी, त्यात ओवलेल्या मण्यासारखा शनी. साधारण पंधरा वर्षांनी एकदा कड्यांची पातळी आपल्या नजरेच्या रेषेत येते, तशी ती मार्च २०२५ मध्ये आली होती आणि नोव्हेंबरातही कडी जवळपास काठावरूनच दिसत होती. २०२५ च्या शनीवरून कुणी दुर्बीण नापास केली असेल तर फेरविचार करा.

काचेची खरी परीक्षा ताऱ्यावर. अभिजित भिंगाच्या मधोमध आणून फोकस बिघडवला की त्याचा मेदुवडा होतो. भोक बरोबर मध्ये हवं. आमचा वडा एका बाजूला किंचित जाड होता. पुढच्या छोट्या आरशाचे तीन स्क्रू पाव-पाव वळवून ते जमतं, त्यासाठी मी पैसे कापले नाहीत.

एवढं सगळं होईस्तोवर काका तिसऱ्यांदा डोळा लावून बसलेले. “आता तं विकावाच नाही वाटत,” म्हणाले. तारखेची चूक मी घरी नेऊन दुरुस्त केली असती तर ५४ लाच मिळाली असती, हे घरचे मला अजून ऐकवतात. शेवटी ५८ ला तुटलं. मला ते चार हजार जास्त गेले असं वाटत नाही. चालताना बघितलेल्या मशीनचा भाव वेगळाच असतो.

आता वापराचं. पहिल्या महिन्यात आठ पेन्सिल सेल टाकून चालवलं. दीड तासात कंट्रोलर मंद. मग यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी घेतली, मध्ये फ्यूज घातला. मधली पिन पॉझिटिव्ह आहे हे मीटरने दोनदा बघूनच जोडा, उलटं गेलं तर बोर्ड जाण्याची भीती. डिसेंबरभर मजेत चाललं. जानेवारीत गुरू ऐन भरात, घरी पाहुणे, आणि मोठ्या फेरीला नळी निघाली की मधेच कंट्रोलर बंद होऊन पुन्हा चालू. अलाइनमेंट गेली. तीनदा. मला वाटलं बोर्ड गेला, २३ हजार बुडाले. निघालं पॉवरचं सॉकेट. आत सैल झालेलं, नळी फिरताना वायर ओढली की संपर्क तुटायचा. सीताबर्डीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने दुर्बीण पहिल्यांदाच बघितली होती, पण सॉकेट बघितलेलं होतं. १८० रुपये. घेतानाच पिन हलवली असती तर निदान हजारभर तरी कमी केले असते. आता वायर स्टँडच्या पायाला वेल्क्रोने बांधते.

अलाइन करताना तारा मध्यभागी आणायचा तो शेवटी वर आणि उजव्या बाणानेच, म्हणजे दात्यांतली ढील एकाच बाजूला राहते. हे कळल्यापासून वस्तू भिंगाच्या मध्याजवळ येतात. त्याआधी मी मोटारीला उगाच शिव्या घालत होते. नळी गच्चीत नेऊन पाऊण तास तशीच ठेवायची, आतली हवा बाहेरच्याइतकी गार होईपर्यंत गुरूचे पट्टे उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात. थंडीत पहाटे पुढच्या काचेवर दव धरतं. जुन्या योगा मॅटची गुंडाळी नळीच्या तोंडाला लावली, काम झालं. मे महिन्यात मात्र गाडीच्या डिकीत पाच मिनिटंही ठेवू नका.

शहरातून ग्रह, चंद्र, जोडतारे आणि मृगातला तेजोमेघ, बस्स. बाकीसाठी बाहेर पडावं लागतं. पेंचला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं ते उगाच नाही. एप्रिलच्या अमावस्येला रामटेकच्या पुढे ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. मध्यरात्री दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंशांवर, ओमेगा सेंटॉरी. हा तारकागुच्छ गच्चीवरून मला कधी सापडला नव्हता. इथे कंट्रोलरने तो सरळ समोर आणून ठेवला आणि ६० पटीत भिंगभर साखर सांडल्यासारखं झालं. या एका रात्रीसाठी गोटूचे जास्तीचे पैसे मला मान्य आहेत. शेतातल्या अंधारात नकाशा घेऊन मी तो अर्धा तास शोधत बसले असते.

सध्या पावसाळा. मूळ फोम फेकून दिला. नळी स्टीलच्या पिंपात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, गुलाबी झाल्या की तव्यावर निळ्या करून परत. बुरशीचे दोन तंतू दर महिन्याला त्याच कोनातून टॉर्च मारून फोटोशी ताडते, तांदळाच्या दाण्याचे अजून दोन दाणे झालेले नाहीत. पंधरा दिवसांनी एकदा बैठकीत स्टँडला बॅटरी लावून मोटारी फिरवते.

शेजारचे दोनदा विचारून गेले, काढायची असेल तर सांगा. आज काढलीच तर सॉकेट नवं, बुरशी जुनी, फाइंडर अजून नाही, असं सगळं सांगून ५५ म्हणेन. आधी त्यांना गच्चीवर तासभर उभं करेन, आणि पॉवरची पिन त्यांच्याच हाताने हलवायला लावेन.