रोप जगलं, हीच तक्रार : ऑनलाइन मागवलेला 'पिवळा भृंगराज'

दोन तारे देतेय. दोन्ही पॅकिंगचे.

नर्सरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शोधल्यावर हेच रोप याच नावानं विकणारे आणखी चार जण सापडले.

मी घरी माक्याचं, म्हणजे भृंगराजाचं, तेल करते, आमच्यापुरतं आणि दहा-बारा ओळखीच्यांपुरतं. पूर्वी पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर हवा तेवढा माका मिळायचा. आता बांधावर तणनाशक मारतात. तिथला पाला केसांच्या तेलात घालायचा धीर होत नाही. म्हणून जूनच्या सुरुवातीला 'पिवळा भृंगराज' मागवला. तीन रोपांचे 249 रुपये, वर कुरिअरचे 80. चिपळूणला पाचव्या दिवशी आली. मुळांभोवती ओलं कोकोपीट, वर कागद, त्यावर पुठ्ठा. एक पान मोडलेलं नव्हतं.

कुंडीत लावायची ती मी मागीलदारी नारळाच्या आळ्यात लावली. गणपतीपर्यंत आळं दिसेनासं झालं. जाड चकचकीत पानं, वर लांब देठांवर पिवळीधमक फुलं. येणारीजाणारी म्हणे, "काय सुरेख हो, एक फांदी द्या ना!" दोघींना दिलीसुद्धा. त्यांची माफी मागून झाली आहे.

खटकलं ते पाटा-वरवंट्यावर. माका चुरला की रस थोड्या वेळानं काळा पडतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी वाटीभर पाला वाटला, बोटं हिरवी. चहा करून, पिऊन, कप विसळून आले, तरी हिरवीच. पिवळ्या माक्याचं वेगळं असेल अशी मनाची समजूत घातली, पण तेल काही कढवलं नाही.

भाच्यानं फोनवर 'प्लांटनेट' टाकून दिलं. फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी केलेलं ॲप, फुकट आहे. फोटो फुलाचा, पानाचा, फळाचा की खोडाचा, ते आपण सांगायचं. नुसत्या फुलावर त्यानं पिवळ्या फुलांची रांगच उभी केली. त्याचा दोष नाही. सूर्यफुलाच्या कुळात पिवळं फूल म्हणजे दिंडीतली पांढरी टोपी. पानाचा फोटो जोडल्यावर मात्र एक नाव वर आलं : स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. जुनं नाव वेडेलिया, नर्सरीवाले अजून तेच म्हणतात.

गंमत अशी, की आपला खरा पिवळा माका हिचाच सख्खा भाऊबंद, स्फॅग्नेटिकोला कॅलेंडुलेशिया. फुलं इतकी सारखी की फुलावरून ओळखायला जाऊच नये. पान बघावं. आपल्याचं अरुंद, भाल्याच्या पात्यासारखं, हाताला खरखरीत. माझ्याकडच्याचं रुंद, तुळतुळीत, आणि दोन्ही कडांना एकेक कोन बाहेर आल्यामुळे तीन भागांचं. ट्रायलोबाटा नाव त्यावरूनच. खात्रीसाठी फांदी घेऊन कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी पिशवीतून पुरती बाहेरसुद्धा काढली नाही. "ताई, ही दुभाजकात लावतात ती. औषधी कुठली!"

इंग्रजीत हिला सिंगापूर डेझी म्हणतात, पण मूळ मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेकडचं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परकीय प्रजातींची जी यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेनं काढली, तिच्यात ही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये विकायलाही बंदी आहे. आपली घाणेरी आणि जलपर्णीही त्याच यादीत, आणि त्याही शोभेची म्हणूनच आणलेल्या. इथे मात्र मला ती 'केसांसाठी गुणकारी' अशी चिठ्ठी लावून घरपोच मिळाली.

नर्सरीला फोन केला. पलीकडचा मुलगा गोड बोलला. "रोप मेलं का मॅडम?" नाही म्हटलं. "मग रिप्लेसमेंट बसत नाही." मी म्हटलं, अरे बाबा, मरत नाही हेच तर सांगतेय. त्यानं पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचं कूपन पाठवलं. त्यांच्या पानावर आजही तेच नाव आहे आणि फोटोत तीच तीन भागांची पानं.

काढताना खरी ओळख पटली. वेल जमिनीवर लोळते आणि पेरापेराला मुळं सोडते. ओढली की मधेच तुटते, आणि मागे राहिलेलं बोटभर पेर आठवड्यात पुन्हा पालवतं. पहिल्या दिवशी उपटलेला ढीग मी गडग्यावर टाकला, वाळेल म्हणून. भर पावसात काय वाळतंय! तो गडग्यावरच रुजला आणि पलीकडे उतरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगो, तुझी फुलं आमच्याकडे राहायला आली हो." मग दोघींनी मिळून खुरप्यानं पेरन् पेर उकरलं, पोत्यात भरून पडवीत पसरलं आणि कोमेजेल तसं न्हाणीच्या चुलीत घातलं. तीन आठवडे आमचं आंघोळीचं पाणी त्यावरच तापत होतं.

कोणी मागवलंच असेल तर जमिनीत लावू नका, आणि कापलेलं उकिरड्यावर टाकू नका.

आळं आता स्वच्छ आहे. पण परवा पऱ्याच्या पलीकडच्या काठावर एक पिवळं फूल दिसलं. तिथे उतरायला पाणी ओसरायची वाट बघतेय.