इंजिनचा डिझेल पंप उघडलाच नाही, बिल मात्र २४,८०० रुपयांचं

गाडी जुनी इंडिका, डिझेल. टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलून आणला आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी लवकर सुरू होईना. सुरू झाली की पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा डोळ्यांना झोंबणारा वास. कात्रजचा घाट चढताना दम जायचा. इंजिन गरम झालं की मात्र सेल्फ मारताच सुरू. हे शेवटचं लक्षात ठेवा.

बेल्ट बदलताना इंजिनाला डिझेल दाबाने पुरवणाऱ्या पंपाचे नट सैल केले होते आणि पंप जागेवर थोडा फिरला होता. तेवढ्यानेच डिझेल उशिरा फवारलं जातं, पूर्ण जळत नाही, थंड इंजिनात तर नाहीच. पंप आतून झिजला असेल तर लक्षण उलटं दिसतं. थंड गाडी सुरू होते, गरम गाडी होत नाही, कारण तापून पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या फटींतून निसटतं. स्वतःला डिझेल पंपाचा स्पेशालिस्ट म्हणवणाऱ्याला हे माहीत नसेल? त्याने बॉनेट उघडून सांगितलं, "साहेब, पंप गेला. हेड-रोटर बदलावा लागेल." म्हणजे डिझेल दाबून नळ्यांत वाटणारा पंपाचा मुख्य भाग.

ओव्हरहॉल १६,५००, चार नोझल (डिझेल फवारणाऱ्या तोट्या) ४,८००, कॅलिब्रेशन १,५००, बसवणं आणि टायमिंग (डिझेल कधी फवारायचं ते जुळवणं) २,०००. यूपीआयने १५,००० घेतले, ९,८०० रोख मागितले. पक्कं बिल "उद्या देतो".

मधल्या दिवसांत त्याने व्हॉट्सॲपवर उघडलेल्या पंपाचा फोटो पाठवला, झिजलेला भाग बोटाने दाखवून. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे आणि बघितला की डोकं फिरतं. त्या पंपाच्या डोक्याला नळ्या जोडायची सहा भोकं आहेत. माझं इंजिन चार सिलिंडरचं! सहा सिलिंडरच्या कुठल्यातरी गाडीचा पंप मला माझा म्हणून दाखवला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोनच्या स्क्रीनवर भोकं कोण मोजतं? ज्याच्याकडे गाडी सोपवली त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? पण तुम्ही मोजा. फोटोत पंपाचा नंबर दिसलाच पाहिजे असं सांगा.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा इंजिन चालूच होतं. धूर नाही, सगळं छान. गाडी रात्रभर उभी ठेवायला लावा, सकाळी थंड इंजिनावर स्वतः सुरू करा, मग पैसे द्या.

थोड्याच दिवसांत खडखड सुरू झाली. भवानी पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी टॉर्च मारली. "भाऊ, हा पंप गाडीवरून उतरलेलाच नाही." टायमिंग करताना पंपाच्या चार नळ्यांच्या मधोमध जो बुचासारखा प्लग असतो, तो काढून तिथे डायल गेज (बारीक अंतर मोजणारं काट्याचं मीटर) लावतात, इंजिन हाताने फिरवून पिस्टन वर आणतात आणि पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) किती उचलला ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचतात. त्या प्लगवर वर्षानुवर्षांचा तेलकट मळ तसाच होता. पंप इंजिनाला जोडणाऱ्या फ्लँजच्या नटांवर तेवढ्या पान्याच्या ताज्या खुणा. म्हणजे पंप कानाने अंदाज घेत फिरवला, तोही गरजेपेक्षा पुढे, म्हणून खडखड. नोझलही जुनेच निघाले. चाचांनी माझ्यासमोर गेज लावून टायमिंग केलं. १,२०० रुपये. गाडी आज सकाळी पहिल्या सेल्फला सुरू झाली.

यानंतर पोलीस चौकी. "ही दिवाणी बाब आहे." फोटो दाखवला, सहा भोकं दाखवली. "आम्हाला यातलं कळत नाही, बिल आहे का?" बिल नाही हाच तर फसवणुकीचा भाग! चौकीने ठाण्यात पाठवलं, ठाण्याने परत चौकीत. अर्जावर शिक्का द्यायलाही तयार नव्हते. "जुनी गाडी विकून टाका ना," असा सल्ला वर. मोबाईल चोरीला गेला तर मोबाईल वापरणं सोडा म्हणतात का? २४,८०० रुपये माझ्या घामाचे आहेत. अर्ज द्यायला गेलात तर दोन प्रती न्या आणि पोच मिळाल्याशिवाय उठू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार देतोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत २ वर्षांची. चाचांनी प्लगचे फोटो काढू दिले, लेखीही देणार आहेत. जुने सुटे भाग गाडीसोबत परत मागा. रोख देऊच नका.

पुण्यात कुणाला सहा भोकांच्या पंपाचा असाच फोटो आला असेल तर डिलीट करू नका. तारखेसकट जपून ठेवा आणि मला कळवा, तक्रारीला जोडायचा आहे.